बोटचाल

२०४१ च्या जानेवारीत पुंडलिकराव उमाळ्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा त्यांची मुलगी प्रणिता त्यांना अकोल्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात अकरा मिनिटांत घेऊन पोचली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यायला मात्र एक तास वीस मिनिटं लागली.

डॉक्टरांनी जिभेखाली गोळी दिली, नाकाला प्राणवायू लावला. पण पुढच्या उपचारासाठी ओळख पटणं भाग होतं. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या पुंडलिकरावांनी समोर धरलेल्या कळफलकावर ठरलेली ओळ दोन बोटांनी टाइप केली. यंत्रानं त्यांना ओळखलं आणि पडद्यावर पिवळी पट्टी आली : ‘वर्ग क. माणसाकडून पडताळणी आवश्यक.’ पडताळणी करणारा माणूस मुंबईत बसत होता आणि त्याच्यापुढे त्याआधीची एकोणतीस प्रकरणं होती.

दहा-बारा वर्षांपूर्वी कुणाचाही आवाज आणि चेहरा हुबेहूब बनवता येऊ लागला, तेव्हापासून बँका, दवाखाने, सरकारी कचेऱ्या या सगळ्यांनी ओळखीसाठी बोटांचा आधार घेतला होता. ठसे नव्हेत, कारण तेही बनवता येत. बोटांची चाल. प्रत्येक माणूस कळफलकावर आपल्याच लयीत टाइप करतो आणि ती लय दुसऱ्याला उचलता येत नाही. सरकारी कागदांवर तिचं नाव ‘अंगुलीलय’ होतं. लोक ‘बोटचाल’ म्हणत. देशातल्या प्रत्येक प्रौढाची बोटचाल नोंदलेली होती. वर्ग क म्हणजे पूर्वी कधीतरी संगणकाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेली व्यक्ती.

पुंडलिकराव वाचले. पण ती एक तास वीस मिनिटं प्रणिताच्या डोक्यातून जाईनात.

शिक्षा झाली होती ती २००८ साली. डाबकी रोडवर त्यांचं नेट कॅफे होतं. प्लायवूडच्या आडोशांनी केलेल्या सात खोपट्या, अक्षरं पुसली गेलेले कळफलक, येणाऱ्याचं नाव-गाव लिहायची लांबुडकी वही. त्या वर्षी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या संगणकात कुणीतरी शिरलं आणि एक्केचाळीस विद्यार्थ्यांचे गुण बदलून गेलं. पोलीस माग काढत उमाळ्यांच्या कॅफेत आले. पुंडलिकरावांनी उभ्याउभ्या कबुली दिली. त्या वेळच्या कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षांची तरतूद होती. त्यांना दीड वर्ष मिळालं.

प्रणिता तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत तिला ‘हॅकरची पोट्टी’ म्हणत, कधी मारतही. पुढे बँकेतली नोकरी चारित्र्य पडताळणीत गेली, ठरलेली दोन लग्नं मोडली. तिसरं तिनं ठरवूच दिलं नाही. आता ती माती परीक्षण प्रयोगशाळेत अधिकारी होती आणि आईवडिलांजवळ राहत होती. वडिलांनी गुन्हा केला नाही, याबद्दल तिला लहानपणापासून खात्री होती. ज्या माणसाला अजून फोनवरचा फोटो शोधताना घाम फुटतो, तो विद्यापीठाचा संगणक काय फोडणार? पोलिसांनी दमदाटीनं कबुली घेतली असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. विषय काढला की पुंडलिकराव उठून अंगणात जात.

२०३९ च्या नव्या कायद्यानं दोन गोष्टी केल्या होत्या. संगणकाच्या गुन्ह्यांना असलेली मुदत काढून टाकली, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा गुन्हेगारही आज पकडता येणार होता. आणि ज्यांना पूर्वी शिक्षा झाली, त्यांना जुन्या पुराव्याची नव्या पद्धतीनं फेरतपासणी मागायचा हक्क दिला.

वडील घरी आल्यावर आठवड्यानं प्रणितानं जेवताना सांगितलं, “बाबा, मी फेरतपासणीचा अर्ज करते आहे. तुमची सही लागेल.”

पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला. “कायले उकरते आता? झालं ते झालं.”

“परत छातीत दुखलं तर? परत तासभर ताटकळत ठेवतील तुम्हाला.”

“ठेवू दे. एकाहत्तर वर्षं झाले मले. मी सही करत नाई.”

रत्नप्रभाबाई, प्रणिताची आई, भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. म्हणाल्या, “करा सही.”

“रत्ना—”

“करा म्हणते ना मी.”

पुंडलिकरावांनी बायकोकडे बराच वेळ बघितलं आणि मग सही केली. आईनं आपली बाजू घेतली, एवढंच प्रणिताला तेव्हा वाटलं.

तपासणी नागपूरच्या प्रयोगशाळेत होती. तिथल्या डॉ. अंजुम शेख पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत तेहेतीस वर्षं पडून असलेली विद्यापीठाच्या संगणकाची हार्ड डिस्क त्यांच्या टेबलावर काचेच्या पेटीत होती.

“त्या वेळी बोटचाल नोंदवत नव्हते,” प्रणितानं विचारलं, “मग यात ती कुठून सापडणार?”

“कुणी मुद्दाम नोंदवली नाही, म्हणूनच सापडते,” डॉ. अंजुम म्हणाल्या. “दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून काम करायचं, तर त्या पद्धतीत दाबलेली प्रत्येक कळ वेगळं पाकीट होऊन तारेतून जायची. तुम्ही ‘क’ दाबलात, एक पाकीट. ‘म’ दाबलात, दुसरं. पाकिटात काय आहे ते कुलूपबंद असेल, पण ते किती वाजता पोचलं त्याचा शिक्का बाहेर असतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. विद्यापीठाच्या संगणकानं ते सगळे शिक्के जपून ठेवलेत. पोलिसांना त्यात काही अर्थ दिसला नाही. मला दोन कळांमधली अंतरं दिसतात.”

“पण तेहेतीस वर्षांत माणसाचा वेग बदलत नाही?”

“वेग बदलतो, प्रमाण बदलत नाही. म्हातारपणी तुमचे वडील हळू चालतात. तरी लांबून येताना तुम्ही त्यांना चालीवरून ओळखताच ना? कुठलं बोट कुठल्या बोटाची किती वाट बघतं, ते एकदा हातात बसलं की बसलं. गेली सहा वर्षं आमचं हेच संशोधन चाललंय. वीस हजार माणसांवर पडताळलंय.”

ऑगस्टमध्ये डॉ. अंजुमनी तिला पुन्हा बोलावलं आणि पहिलंच वाक्य सांगितलं, “हे तुमचे वडील नाहीत.”

“मग कोण?” प्रणितानं विचारलं.

“तुमचे वडील दोन बोटांनी टाइप करतात. हा माणूस दहाही बोटांनी करतो, आणि न बघता. शिवाय हा टाइपरायटरवर शिकलाय, हातानं ठोकायच्या. प्रत्येक दोन कळांत सारखं अंतर, करंगळी थोडी मागे. संगणकावर शिकलेल्यांची लय अशी नसते. पुरुष की बाई ते सांगता येत नाही. आता देशाच्या नोंदणीशी ताडून बघू. तीन-चार आठवडे लागतील. मग नावच येईल.”

प्रणिता संत्रा बर्फीचा डबा घेऊन दुपारच्या गाडीनं अकोल्याला आली. घरात शिरल्याशिरल्या तिनं वडिलांना मिठी मारली. “सुटलात बाबा! यंत्र म्हणतं, तुम्ही नाही. कुणीतरी टाइपिंग शिकलेला माणूस आहे. महिन्याभरात नाव येतंय.”

पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं. रत्नप्रभाबाईंनी बर्फीचा डबा प्रणिताच्या हातातून घेतला, कट्ट्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

“रिपोर्टातून कळन तुले, त्यापेक्षा मीच सांगतो. मी होती ते.”

प्रणिताला आधी कळलंच नाही.

“लग्नाआधी मी मूर्तिजापूरले टाइपिंगची परीक्षा दिली होती. इंग्रजी चाळीस. नोकरी लागन म्हणून बाबांनी शिकवलं, मंग लग्नच करून दिलं. कॅफे काढलं तवा दुपारी हे जेवाले घरी यायचे आन मी तिथं बसायची. एक ते चार कोणी कुत्रं फिरकत नव्हतं. रिकामं किती बसणार? वाचाले लागली. परदेशातले पोट्टे लिवायचे, कोणतं दार कसं उघडते, कोणत्या कंपनीनं कुलूप कसं लावलं. इंग्रजी समजाले दोन वर्षं गेले. पण एकदा समजलं आन मले काय झालं ते सांगता येत नाई. तेरावं लागल्यावर पोरं सायकल चालवतात ना हात सोडून, तसं.”

“आई, तू काय केलंस ते सांग.”

“कॅफेत एक पोरगी यायची. निकाल पाहून रडली. गणितात बावन्न पडले होते, पुनर्तपासणीचा कागद होता तिच्याजवळ. संगणकात मात्र पंचवीस. विद्यापीठात चार खेपा मारल्या तिनं, कोणी ऐकेना. मी म्हटलं, पाहून तर येऊ. ज्या कंपनीनं ते यंत्र बसवलं तिचा मूळचा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. दार लोटलं आन उघडलं. आत दोन फाइली होत्या. परीक्षकांनी भरलेले गुण एकीत, निकालाचे दुसरीत. दोन्ही जुळत नव्हत्या. एकट्या त्या पोरीचेच नाई, एक्केचाळीस जणाचे. मी तीन दुपारी बसून सगळे नीट केले.” त्या थांबल्या. “नीट केले असं मले वाटलं. विद्यापीठाले कळलं तवा त्यायनं सगळ्यायचे निकालच अडकवले. चौदा महिने. पोरायनं पैसे देऊन गुण वाढवले, असं छापून आलं.”

“आणि बाबा?”

“इन्स्पेक्टरनं विचारलं, दुपारी कोण बसते. हे म्हणाले, मी. मी गप बसली. तू लहान होती. तुह्यासाठी गप बसली.”

प्रणिता उभी राहिली. “माझ्यासाठी? मला कुणी विचारलं? तेहेतीस वर्षं मी सगळ्यांशी भांडले की माझ्या बापानं काही केलं नाही. आणि तुम्ही दोघं रोज माझ्यासमोर बसून जेवत होतात.”

दुसऱ्या दिवशी तिनं गोरक्षण रोडला एक खोली घेतली आणि आपलं सामान हलवलं.

सप्टेंबरच्या मध्याला नाव आलं : रत्नप्रभा पुंडलिक उमाळे, वय सहासष्ट. जुळणी शंभरात नव्व्याण्णवाच्या वर. २०३७ च्या नोंदणीत त्यांनी मुद्दाम एकेका बोटानं टाइप केलं होतं. पण दहा मिनिटांचा उतारा होता आणि चौथ्या मिनिटाला बोटांनी आपली जुनी वाट धरली होती.

नव्या कायद्यात तुरुंग नव्हता. स्पर्शबंदी होती. शिक्षा झालेल्याची बोटचाल सगळ्या यंत्रांना कळवली जाई आणि मग कुठलंही यंत्र त्या बोटांना उत्तर देत नसे. बँक, दवाखाना, रेल्वे, घरातला फोन, सगळं बंद. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त दहा. तुरुंगापेक्षा ही शिक्षा माणुसकीची, असं ती आणणाऱ्यांचं म्हणणं होतं. पहिल्या वर्षात शिक्षा झालेल्यांपैकी बरेच जण म्हातारे होते. ज्या वयात औषधाची चिठ्ठीसुद्धा यंत्रातून निघते, त्या वयात त्यांना यंत्राविना जगायचं होतं.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी पुंडलिकराव प्रणिताच्या प्रयोगशाळेत आले. टेबलावर बार्शीटाकळीकडच्या मातीचे नमुने पिशव्यांमध्ये रांगेनं मांडले होते. ते बाजूच्या स्टुलावर बसले.

“घरी ये म्हणून सांगाले आलो नाई,” ते म्हणाले. “वकिलाकडं तुह्या आईसोबत कोणी पायजे. मले त्यातलं काही समजत नाई.”

प्रणितानं पिशवीवरचा क्रमांक वहीत लिहिला. मग विचारलं, “बाबा, तुम्ही ‘मी’ का म्हणालात? आईनं सांगितलं होतं?”

“नाई वं. तिनं एक शब्द सांगितला नव्हता. मले तर मालूमच नव्हतं तिनं काय केलं ते. इन्स्पेक्टरनं विचारलं आन तिचं तोंड पाहिलं. पांढरं पडलं होतं. तवा समजलं. तोंडातून निघून गेलं, मी. आन एकदा निघाल्यावर वापस कसं घेऊ?”

“नंतर घेता आलं असतं. कोर्टात.”

“हाव. रोज वाटे. पण मंग तिले जा लागलं असतं.” त्यांनी मातीची एक पिशवी रांगेत सरळ केली. “तिनं बाहेर राहून काही कमी कष्ट काढले नाई. सोळा घरचे डबे केले. आन कळफलकाले कधी हात लावला नाई. मी सुटून आलो तवा म्हटलं, रत्ना, शिकव न मले ते काय होतं. तर रडाले लागली. मंग विषय बंद.”

प्रणिता आईबरोबर वकिलाकडे गेली, पण मुक्काम गोरक्षण रोडलाच ठेवला.

वकील तिडके तरुण आणि हुशार होते. त्यांनी रत्नप्रभाबाईंचे हात बघितले. संधिवातानं बोटांचे सांधे सुजलेले होते. “काकू, याचाच फायदा घेऊ,” ते म्हणाले. “न्यायाधिकरणासमोर तुम्हाला ताजा नमुना द्यावा लागेल. तो जुन्याशी जुळला नाही, तर संशयाचा फायदा मिळतो, असं कायद्यातच आहे. सुनावणी डिसेंबरात आहे. नागपूरची सकाळची थंडी. बोटं आपोआप आखडतील. तुम्हाला खोटं काहीच करायचं नाही. फक्त गोळी घेऊ नका आणि हात उघडे ठेवा.”

“मंग यांच्या नावावरचं जाईल?”

“काकांचं? ते तर आत्ताच सिद्ध झालंय. ते सुटलेच. तुम्हीही सुटाल.”

“मंग ते कोणी केलं म्हणतील?”

“कुणीच नाही. प्रकरण बंद.”

रत्नप्रभाबाईंनी आपली बोटं एकदा उघडून मिटली.

सुनावणीच्या दिवशी नागपुरात नऊ अंश तापमान होतं. न्यायाधिकरणाची खोली जुन्या इमारतीत होती. न्यायाधीश हर्षदा मोघे वेळेवर आल्या. मागच्या बाकांवर पाच-सहा पोक्त माणसं बसली होती. एक्केचाळीसपैकी काही जणांना कायद्याप्रमाणे नोटीस गेली होती. डॉ. अंजुमनी टेबलावर कळफलक ठेवला आणि विचारलं, “ताई, बोटं दुखतात का? तारीख पुढे घेता येते.”

रत्नप्रभाबाई उभ्या राहिल्या. “तारीख नको. एक गंज गरम पाणी भेटन काय?”

तिडके खुर्चीतून अर्धवट उठले आणि बसले. शिपायानं चहाच्या ठेल्यावरून पातेलंभर गरम पाणी आणलं. रत्नप्रभाबाईंनी दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले आणि बोटं उघडत-मिटत राहिल्या. पाच मिनिटं झाली. न्यायाधीशांनी कुणाला घाई करू दिली नाही. मग त्यांनी पदरानं एकेक बोट कोरडं केलं, पाठ ताठ करून बसल्या आणि समोरच्या कागदावर नजर ठेवली.

प्रणितानं आईला टाइप करताना कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन ओळी बोटं अडखळत होती. मग ती सुटली. आईची मान हलत नव्हती, हात जेमतेम हलत होते आणि खोलीत एकसारखा टकटक आवाज सुरू झाला. दहा मिनिटं तो थांबला नाही. हा आवाज आपल्या घरात तेहेतीस वर्षं दाबून ठेवलेला होता, हे प्रणिताला कळलं आणि तिचा राग कमी झाला नाही, पण त्यात आणखी काहीतरी येऊन मिसळलं.

जुळणी पहिल्यापेक्षा पक्की आली.

मागच्या बाकावरून वाकोडे नावाचे एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. त्यांचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान होतं. “माझे गुण त्रेसष्ट होते,” ते म्हणाले. “यादीत छत्तीस लागले. या बाईंनी त्रेसष्ट केले, विद्यापीठानं परत छत्तीस. मी खरे त्रेसष्ट मिळवले होते, पण आजवर कुणी मानलं नाही. घरचेसुद्धा. मला या बाईंना शिक्षा होते की नाही याच्याशी देणं नाही. त्या डिस्कमध्ये माझे खरे गुण असतील तर मला ते कागदावर पाहिजेत.”

न्यायाधीशांनी डिस्कमधल्या दोन्ही फाइली ताडून पाहायला सांगितल्या. त्याला तीन दिवस लागले. एक्केचाळीसपैकी अडतीस दुरुस्त्या बरोबर निघाल्या. तीन चुकीच्या होत्या; एका ठिकाणी रत्नप्रभाबाईंनी ओळ चुकवली होती आणि भलत्याच मुलीचे गुण कमी केले होते.

निकाल वाचताना न्यायाधीश इतिहासात थोडं मागं गेल्या. “शिट्टीच्या सुरानं टेलिफोनचं यंत्र फसवून फुकट फोन लावणाऱ्यांपासून या गुन्ह्याची गोष्ट सुरू होते,” त्या म्हणाल्या. “ज्यांनी सुरुवात केली त्यांतले बरेच जण कुतूहलानं आत गेले. कायद्याला तेव्हापासून एकच अडचण आहे. कुतूहल आणि चोरी एकाच दारानं आत शिरतात. अमेरिकेत हजारो संगणक बंद पाडणाऱ्या एका विद्यार्थ्याला पूर्वी समाजसेवेची शिक्षा झाली होती. पुढे लहानशा खोडीसाठीही लोक वर्षानुवर्षं तुरुंगात गेले. आपल्याकडे या प्रकरणात तर भलताच माणूस गेला. समोरच्या बाईंनी फायद्यासाठी काही केलं नाही. पण दुसऱ्याच्या घरातला पसारा आवरायचा म्हणून न विचारता आत जाता येत नाही. आवरताना त्यांच्या हातून तीन वस्तू फुटल्याही. आणि विद्यापीठानं स्वतःची चूक झाकायला एक्केचाळीस मुलांना चोर ठरवलं.”

एक्केचाळीस जणांना खऱ्या गुणांच्या गुणपत्रिका देण्याचा आदेश निघाला. पुंडलिकरावांची शिक्षा रद्द झाली. त्यांनी खोटी कबुली दिली होती, पण तो संगणकाचा गुन्हा नसल्यानं त्याला मुदत होती आणि ती कधीच संपली होती. रत्नप्रभाबाईंना किमान शिक्षा मिळाली : तीन वर्षं स्पर्शबंदी.

बंदी झालेल्याला घरातला एक ‘प्रतिहस्त’ नेमता येत असे. त्याच्या वतीनं यंत्रं हाताळणारा माणूस. पुंडलिकरावांचं वय जास्त म्हणून अर्ज नामंजूर झाला. उरली प्रणिता. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत अट होती : प्रतिहस्ताची नोंद बंदीच्या काळापुरती वर्ग क मध्ये राहील.

तिडक्यांनी ती अट दोनदा वाचून दाखवली. “ताई, तुमची सरकारी नोकरी आहे. बढती अडकेल. विचार करा. नगरपालिकेचा मदतनीसही मिळतो, आठवड्यातून एकदा.”

“आईचं रक्तदाबाचं औषध वार बघून संपत नाही,” प्रणिता म्हणाली आणि तिनं सही केली. मग गोरक्षण रोडची खोली सोडून ती घरी परत आली. पुंडलिकरावांनी तिची पेटी आत नेऊन ठेवली.

पहिल्याच रविवारी सकाळी रत्नप्रभाबाईंनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. त्यावर एक्केचाळीस नावं होती, त्यांच्या हातची. चौघांच्या पुढे ‘वारले’ असं लिहिलेलं होतं.

“यांना पत्र धाडायचं हाये. मेले त्यांच्या घरच्यांना. मी सांगतो, तू टाइप कर. सगळ्यांना एकच नको. त्या तिघांना वेगळं लिवा लागन.”

तीन रविवार गेले. आई सांगे आणि प्रणिता जसंच्या तसं उतरवी. आई कधी मधेच म्हणे, “हात वर काय धरते, मनगट टेकव,” आणि प्रणिता मनगट टेकवी. पुंडलिकराव येता-जाता ऐकत. एकदा दारातून म्हणाले, “माहं नाव नको घालू त्यात.” ज्या मुलीचे गुण चुकून कमी झाले होते, तिच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागला; ती आता खामगावला शाळेत मुख्याध्यापिका होती. तिचं उत्तर आलं, दोन ओळींचं : ‘पत्र मिळालं. एवढ्यात उत्तर देता येणार नाही.’ रत्नप्रभाबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, “बरोबर हाये तिचं.”

चौथ्या रविवारी शेवटचं नाव झालं. प्रणिता उठायला लागली.

“बस. एक बाकी हाये,” आई म्हणाली. “लिव. प्रिय प्रणिता.”

प्रणिताचे हात थांबले. “आई, मी इथंच बसले आहे.”

“मालूम हाये. तोंडावर सांगाले जमत नाई मले. एक्केचाळीस वेळा सवय झाली, आता जमन. लिव.”

प्रणितानं लिहिलं.

“इन्स्पेक्टर आले तवा मी तुले दोन्ही हातानं पुढं धरून उभी होती. लोकायले वाटलं, माय लेकीले धीर देऊन रायली. तुले पुढं धरलं की मले कोणी काही विचारणार नाई, हे मले उमगलं होतं. तुह्यासाठी गप बसली असं मी तुले सांगितलं, स्वतःले पण. ते खरं नाई. मी भ्याली होती. तुह्यावर त्याचं ओझं टाकलं. तू त्याच्यासाठी शाळेत मार खाल्ला.”

आई थांबली. प्रणितानं शेवटचा शब्द पुरा केला.

“शेवटी काय लिहू?” तिनं पडद्याकडे बघतच विचारलं. “बाकीच्यांना ‘माफ करा’ लिहिलंय.”

“तुले नको लिवू. तू म्हणशील, लिवताना मीच लिवलं, आता कसं नाई म्हणू.” रत्नप्रभाबाईंनी सुजलेली बोटं मांडीवर एकमेकांत गुंतवली. “खाली फक्त नाव टाक. माहं.”

प्रणितानं आईचं नाव टाकलं. पत्र कुणाला पाठवायचं, असं यंत्रानं विचारलं. तिनं स्वतःचा पत्ता घातला.